मण्यांचे हात

१

बरणीतून काहीही चोरीला गेलं नव्हतं. मणी होते तेवढेच होते, झाकण घट्ट होतं, वरची चिठ्ठीही धाकटीच्याच अक्षरातली. गेले होते ते फक्त मण्यांचे हात.

मण्यांना हात कसले, असं कोणीही विचारील. हे मणी खसखशीएवढे बारीक आणि दुधी रंगाचे. त्यांच्या अंगावर रसायनाचे असे गट डकवलेले असतात, की रक्तातलं विष शेजारून जाऊ लागलं की ते पटकन धरून ठेवतात. पुस्तकात त्यांना अमाईन गट म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे हात म्हणत. विषबाधा झालेल्या माणसाचं रक्त अशा मण्यांनी भरलेल्या नळीतून फिरवायचं आणि स्वच्छ करून परत अंगात सोडायचं, अशी योजना होती. मण्यांना हात जितके जास्त, तितका माणूस वाचण्याचा संभव जास्त.

हे हात डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून विजेने मोजतात. आधी प्रत्येक हातात खुणेचा एक रेणू द्यायचा आणि उरलेले रेणू धुऊन टाकायचे. मग मणी आम्लात बुडवून हातातल्या खुणा सोडवून घ्यायच्या आणि त्या पाण्यात इलेक्ट्रोड धरून विजेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. ठरावीक दाबाला खुणेचे रेणू वीज घेतात आणि पडद्यावरची सरळ चाललेली रेघ उंटाच्या पाठीसारखी वर येते. उंचवटा मोठा तर हात पुष्कळ.

गेल्या महिन्यात धाकटीने मोजलं तेव्हा उंचवटा बघायला शेजारच्या इमारतीतली माणसं आली होती. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान संशोधक. दूरच्या शहरातल्या कारखान्याने मणी घ्यायचं ठरवलं आणि मण्यांबरोबर धाकटीलाही नोकरी देऊ केली. मग बरणी हवाली करायच्या आधी रीत म्हणून पुन्हा मोजणी झाली, तर रेघ जवळजवळ सपाट! संचालकांनी निकाल लावून टाकला: मुलीने पहिला आकडा खोटा दिला. शुक्रवारी तिला काढल्याचं पत्र निघणार होतं. असं पत्र एकदा निघालं की या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही.

पत्रावर बाहेरच्या तपासनिसाची सही लागते, म्हणून बाईंना बोलावलं होतं. बाईंना मागून सगळे 'खोडरबर' म्हणत. त्या जिथे जात तिथून कोणाचं तरी नाव पुसलं जाई. बाईंना हे ठाऊक होतं. "टोपणनाव वाईट नाही," असं त्या एकदा थोरल्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "निदान कोणी मला नावाने हाक तरी मारतं."

ती बहीण, अक्का, गेल्या वर्षी गेली. बाई कुठल्याही गावी असोत, संध्याकाळी अक्काचा फोन यायचाच आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलीस का गं?" आता तो प्रश्न विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

बाईंनी बरणी उजेडात धरली. मणी दुधी नव्हते, पिवळट दिसत होते. त्यांनी झाकण फिरवून नाक जवळ नेलं. अगदी पुसट, गोडसर, तिखट असा वास होता. प्रयोगशाळेतला नव्हे, स्वयंपाकघरातला. कसला, ते काही केल्या आठवेना.

२

संचालक टेबलावर बोटं वाजवत होते.

"बाई, प्रकरण सरळ आहे. मुलीने आकडा फुगवला आणि कारखान्याला तोंड दाखवायला मला जागा ठेवली नाही."

"मणी पिवळे का पडले?"

"जुने झाले की पडत असतील."

"एका महिन्यात?"

"आता ते रसायन माझ्या डोक्यावरून जातं. मी व्यवस्थापनातला माणूस," असं म्हणून संचालकांनी हात झटकले आणि फोन उचलला.

दुसरी मोजणी ज्याने केली त्याला सगळे 'मिशी' म्हणत, कारण त्याच्या चेहऱ्यावर तीच आधी दिसे. कारखान्याने धाकटीचे मणी निवडले तेव्हा मिशीचे मणी नापास झाले होते. त्याला सर्दी झाली होती आणि तो बोलू लागला तशी खोली निलगिरीच्या वासाने भरून गेली.

"तुम्हालाही वाटत असेल, मीच तिच्या बरणीत माती कालवली," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय. चार दिवस झाले, जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कोणी बसत नाही. खोटं वाटत असेल तर या बघायला."

"बसेन मी," बाई म्हणाल्या.

धाकटी भेटली ती मण्यांच्या खोलीत. तिथे मणीसर काम करत होते. मणी बनवायची पद्धत त्यांचीच, धाकटीला हाताला धरून शिकवली तीही त्यांनीच. निवृत्त झाल्यावरही संस्थेने त्यांना मानाने ठेवून घेतलं होतं. उंच, पाठीत वाकलेला माणूस. धाकटी आत आली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "स्पिरिटचा वास येतोय. बाटली उघडी राहिली वाटतं." बाटली सरांच्या कोपराशीच होती. त्यांनी मुकाट्याने बूच लावलं आणि बाईंना खुर्ची देऊन ते बाहेर गेले.

"आकडा खोटा दिलास?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हात गेले कुठे?"

"ते मला नाही सांगता येणार."

"बरणी कपाटातून काढलीस तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"मणी पिवळट दिसले."

"आणि वास?"

धाकटीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिंत होती, बघण्यासारखं काहीच नव्हतं. "वास नव्हता, बाई," ती म्हणाली.

"घरी सांगितलंस?"

"आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय, पोरगी मोठ्या कारखान्यात चालली म्हणून. तिला काय सांगू?" एवढं बोलताना तिचा आवाज कापला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. बाईंनी आजवर पुष्कळ खोटारडे पाहिले होते. खोटं पकडलं गेलं की ते रडतात तरी नाहीतर भांडतात तरी. ही पोरगी दोन्ही करत नव्हती. ती कशाची तरी वाट बघत असल्यासारखी बसली होती.

३

रसायनांच्या कोठीवर काकू होत्या. सगळ्या इमारतीच्या काकू. त्यांच्यापुढे वही न उघडता नुसतं स्टूल ओढून बसलं की काम भागतं, हे बाईंच्या पहिल्या पाच मिनिटांत ध्यानात आलं.

"माझ्यावर आळ घेतला हो त्या संचालकाने!" काकूंनी सुरुवातच केली. "म्हणे, तुमच्या मुंग्यांच्या तेलाने कपाटात वास सुटलाय. अहो, मी मुंग्यांना लवंगेचं तेल लावते. आणि कपाटात वास होता दालचिनीचा! आयुष्य गेलं माझं चुलीपाशी, लवंग आणि दालचिनी मला कळणार नाही?"

दालचिनी! बाईंनी मांडीवर थाप मारली. बरणीतला वास तोच होता.

"कधी आला हा वास?"

"दुसऱ्या मोजणीच्या दिवशीच. मणी सुकायला त्या कपाटात ठेवतात, तोंडाला नुसतं फडकं बांधून. धाकटीने दार उघडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. भपकारा आला नुसता. मी म्हटलं, अगं, कोणी खीर केली की काय आत? तर ही पोरगी तोंडावर हात ठेवून उभी. मग तिने फडकं काढलं, झाकण लावलं, कपाट उघडं टाकलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या."

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक धाकटीकडे, एक मणीसरांकडे. आणि मिशी येता-जाता माझी मागून नेतो, त्याची कधी सापडत नाही म्हणून."

"कोठीत दालचिनीचं काही आहे?"

काकूंनी वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक काळपट बाटली होती, दालचिनीच्या तेलाचा अर्क, शुद्ध केलेला. "कोठी दिवसभर उघडीच असते. कोणीही घेऊन जावं आणि कोणीही आणून ठेवावं."

बाईंनी बाटली हातात घेतली. हा अर्क अमाईनच्या हातांना भेटला की त्यांच्यात जाऊन बसतो आणि मणी पिवळे पडतात, हे त्यांना शिकतानापासून पाठ होतं. उघड्या बशीत थोडा ओतून कपाटात ठेवला, की वाफेनेच काम होईल. म्हणजे मण्यांचे हात कोणी तोडले नव्हते, नुसते भरून ठेवले होते.

पण मग सगळ्यांत मोठा प्रश्न उभा राहिला. कपाट उघडताच धाकटीला भपकारा आला होता. आणि तीच धाकटी बाईंच्या तोंडावर म्हणाली होती, वास नव्हता.

४

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत बाई पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. खोलीत एक टेबल, एक कपबशी, आणि 'पाणी जपून वापरा' अशी पाटी. भिंतीपलीकडे कोणाच्या तरी घरात हसणं चाललं होतं. बाईंनी फोन टेबलावर उताणा ठेवला. ही जुनी सवय. वर्ष झालं, फोन वाजत नव्हता आणि सवय सुटत नव्हती. शेवटी त्या चपला घालून बाहेर पडल्या.

आवाराच्या टोकाला कर्मचाऱ्यांच्या चाळीत शेवटची खोली मणीसरांची. दार उघडंच होतं.

"या, या!" सर इतक्या घाईने उठले की त्यांचा चष्मा खाली पडला. "चहा घ्याल ना? घ्याच."

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर सर बसत, दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत बसली होती. ती त्यांनी उचलून जमिनीवर ठेवली. आत ओट्यावर त्यांनी दूध तापत ठेवलं आणि दाराकडे तोंड करून बोलायला बसले. बोलणं धाकटीवरच येणार होतं, आणि आलं.

"आली तेव्हा तिला पिपेट धरता येत नव्हतं हो. आता माझ्यापेक्षा सफाईदार काम करते. दिवसभर खोलीत तिची बडबड चालू असते. हे सांडलं, ते उघडं राहिलं, सर, तुमचा डबा तसाच आहे. मी म्हणतो, अगं, तू शिष्या आहेस की सासू?" ते हसले आणि लगेच थांबले. "आमची ही गेल्यापासून मला रागावणारं तेवढं एकच माणूस राहिलं."

"ती चालली होती कारखान्यात."

"हो. चांगलंच आहे. जावंच माणसाने." सरांनी चष्मा पुसला. "तुम्ही सही करणार का त्या पत्रावर?"

"तिने खोटं केलं असेल तर करीन."

"तिने नाही केलं," सर ताडकन म्हणाले. मग खाली बघून हळू आवाजात, "म्हणजे, मला तसं वाटत नाही."

बाई काही बोलणार, तोच त्यांच्या नाकाला झोंबलं. दूध उतू गेलं होतं. मग जळू लागलं. आतून धुराची पुसट रेघ आली, खोलीभर करपट वास भरला. सर दाराकडे बघत बोलतच होते, मुलीच्या पहिल्या मोजणीबद्दल, तिच्या अक्षराबद्दल.

बाई उठल्या, आत गेल्या आणि शेगडी बंद केली. पातेल्याच्या तळाशी आजचा थर होता आणि त्याखाली जुने थर होते, घासूनही न गेलेले. या घरात दूध रोजच तळाला लागत असावं आणि लागलं हे सांगायला रोज कोणी नसावं.

"अरेच्चा, लक्षच नव्हतं," सर मागून ओशाळून म्हणाले.

बाईंनी पातेलं हळूच खाली ठेवलं. उत्तर सापडलं होतं आणि ते त्यांना नको होतं.

५

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत बाई खरोखरच मिशीच्या टेबलावर जाऊन बसल्या. मिशीने डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

बाईंनी दोन कागद समोर ठेवले. पहिल्यावर धाकटीच्या मोजणीची रेघ होती. सरळ येऊन मोठ्या उंचवट्यावर चढलेली, उतरलेली आणि पुढे कागदाच्या कडेपर्यंत लांबवर गेलेली. दुसऱ्यावर मिशीच्या मोजणीची रेघ. तीही सरळ आली, नावापुरती चढली, उतरली आणि तिथेच तुटली.

"ही अशी मध्येच का थांबली?"

"आकडा उंचवट्यावरून येतो, बाई. पुढच्या रेघेत काय बघायचंय?"

"पण एरवी पुढेपर्यंत नेता ना? भिंतीवर जुने कागद लावलेत तुम्ही, सगळे लांब आहेत."

मिशी घास हातात धरून थांबला. "एरवी नेतो. त्या दिवशी नका नेऊ म्हणून सांगितलं मला. इलेक्ट्रोड नवा आहे, दाब जास्त वाढवला तर काळवंडतो म्हणून."

"कोणी सांगितलं?"

त्याने नाव सांगितलं. आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं, तो घास तोंडात टाकून चावू लागला. बाईंनी दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

"उद्या सकाळी त्याच बरणीतले मणी पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. आणि रेघ थांबवू नका. जाईल तिथवर जाऊ द्या."

"इलेक्ट्रोड काळा पडला तर?"

"तर मी घासून देईन."

६

शुक्रवारी सकाळी मोजणीच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे होते. संचालकांच्या हातात पत्र तयार होतं, फक्त सही बाकी. काकू दाराशी, धाकटी खिडकीपाशी, सर तिच्या शेजारी. नेहमी उभे राहत तसेच.

मिशीने खुणा देऊन धुतलेले मणी आम्लात घालून भांडं कोमट केलं, इलेक्ट्रोड बुडवला आणि बटण दाबलं. रेघ निघाली. खुणेच्या जागी नावापुरती चढली. संचालकांनी मान हलवली. रेघ उतरली, मागे जिथे तुटली होती ती जागा ओलांडली, सरळ चालली. आणि पुढे एकाएकी वर निघाली. चढतच गेली. असा धिप्पाड उंचवटा की पडद्याचा वरचा काठ लागेल असं वाटलं.

"हे काय?" संचालक म्हणाले.

"हात," बाई म्हणाल्या. "ते कुठे गेलेच नव्हते. दुसऱ्या कोणाला तरी धरून बसले होते. खुणेला द्यायला रिकामे नव्हते, म्हणून मोजणीत आले नाहीत. आता आम्लाने ते सोडवले, आणि ज्याला धरलं होतं ते बाहेर पडलं. मुलीचा आकडा खरा होता."

काकूंनी पदराने डोळे टिपले. धाकटी मात्र हलली नाही.

"मग हे केलं कोणी?" संचालकांनी मिशीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"साप साप म्हणून भुई धोपटू नका," बाई म्हणाल्या. "ज्याला मणी बिघडवायचे आहेत तो ते जाळील, कुजवील, उकिरड्यावर फेकील. याने तसं काही केलं नाही. आम्लाने धुतले की हात जसेच्या तसे मोकळे होतील, असंच काहीतरी त्यांत बसवलं. म्हणजे त्याला मण्यांची माया होती. त्याला मणी नासायचे नव्हते, थोडे दिवस अडवायचे होते. दुसरं, रेघ कुठे तोडली की दुसरा उंचवटा दिसणार नाही, हे त्याला नेमकं माहीत होतं. तेवढं जाणणारी या खोलीत तीन माणसं आहेत."

"आणि तिसरं?" मिशीने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तिसरं मला कळेना, म्हणून मी अडले होते. लपून करायचं काम, आणि त्यासाठी असा घरभर बोंब मारणारा वास असलेली वस्तू कोण निवडील?" बाई वळल्या. कोमट भांड्यावरून वाफ येत होती आणि सगळी खोली एकाच वासाने भरली होती. संचालकांनी मघाशीच नाकाला रुमाल लावला होता. "सर, आत्ता इथे कसला वास येतोय?"

मणीसर गोंधळले. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं. "निलगिरीचा," ते म्हणाले. "याला सर्दी आहे ना."

"मिशीची सर्दी कालच गेली."

सरांनी शेजारी पाहिलं. रोज बघत तसंच. आणि धाकटीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, विचार करायच्या आत, त्यांच्याकडे न बघता हळूच सांगून टाकलं, "दालचिनी, सर."

सांगितल्यावर तिला कळलं. तिने ओठ दाबले. पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

मग सरांनी टेबलाची कड धरली. "मीच केलं," ते म्हणाले. "मला वास येत नाही. आजारपणानंतर गेला तो गेलाच. नियमाप्रमाणे असल्या माणसाला इथे काम करता येत नाही, म्हणून ही मला सांगायची आणि कोणाला कळू द्यायची नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं या अर्काला वास आहे. पण कपाटाबाहेर येईल इतका असेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, बरणी इथेच अडेल, ही राहील, पुन्हा मणी करायला घेईल. दोन-चार महिने. मग मीच शोधून काढल्यासारखं करून धुऊन दिले असते. तिच्यावर खोटेपणाचा आळ येईल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि आल्यावर माझी जीभ उचलेना."

"तुला माहीत होतं?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"कपाट उघडलं तेव्हाच. एवढा वास कोणाला कळला नसेल, ते मला एकटीलाच माहीत होतं ना."

"मग सांगितलं का नाहीस? तुझी नोकरी चालली होती. नाव चाललं होतं."

धाकटी आता सरांकडे वळली. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी वाट बघत होते, सर. रोज सकाळी वाटायचं, आज तुम्ही सांगाल."

७

संचालकांनी पत्र फाडलं आणि लगेच दुसरं लिहायला घेतलं, सरांच्या नावाचं. सरांनी एवढंच मागितलं, की मणी मी धुतो. त्यांनी सगळी बरणी आम्लात धुतली, पाण्यात धुतली, सुकवली, त्यातल्या चिमूटभर मण्यांच्या हातांना खुणा दिल्या आणि स्वतः मोजणीला बसले. वास उरला नाही ना, हे सांगायचं काम धाकटीने केलं नाही, काकूंनी केलं. रेघ निघाली आणि पहिल्याच जागी महिन्यामागच्या उंचीला जाऊन भिडली. हात सगळे मोकळे झाले होते. मणी पुन्हा दुधी दिसत होते.

बरणी कागदात गुंडाळताना धाकटी म्हणाली, "तुम्ही नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाला असतात तर?"

"तरी तू गेली असतीस."

"हो. गेले असते." तिने दोरी बांधली. "पण रोज फोन केला असता."

सरांनी आशेने वर पाहिलं. "आणि आता?"

धाकटी गाठ मारत राहिली. गाठ केव्हाच बसली होती. मग तिने बरणी उचलली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि उत्तर न देता बाहेर पडली. मिशी तिची बॅग घेऊन फाटकापर्यंत गेला.

बाई त्या संध्याकाळी आपल्या गावी परतल्या. कुलूप काढलं, दिवा लावला, अहवाल लिहायला बसल्या. त्यात लिहायचं होतं ते सगळं लिहिलं. मण्यांचे हात, तुटलेली रेघ, दालचिनी, आणि शेवटी एका माणसाचं नाव, कायमचं पुसण्यासाठी. यात कुठेही सवलत नव्हती. धाकटीला इतके दिवस त्या वाट बघण्यात जे भोगावं लागलं, त्याला सवलत द्यायचा अधिकार बाईंना नव्हता, आणि त्यांनी ती दिली नाही.

मग त्यांनी सही केली, ताट वाढून घेतलं, फोन टेबलावर उताणा ठेवला. घास हातात घेतला आणि तसाच ठेवला. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पातेलं होतं, थरावर थर बसलेलं.

अहवालात सरांचा फोन नंबर होता. त्यांनी तो लावला. पुष्कळ वेळ वाजला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. फार दिवसांनी कोणीतरी फोन केला असावा तसा घाबरलेला.

"खोडरबर," बाई म्हणाल्या. "शेगडी चालू आहे का तुमची?"

"हो. का?"

"आधी जाऊन बघा."

पावलं दूर गेली. भांड्याचा आवाज झाला. पावलं परत आली. "बरं झालं सांगितलंत," सर म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"जेवलात का?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"मग वाढून घ्या. मी थांबते."

त्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला. पलीकडे ताट मांडल्याचा, पाणी ओतल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत बाई बसून राहिल्या आणि मग त्यांनीही पहिला घास घेतला.